फिरती पेटी

आमच्या एल तेहारमध्ये ओब्दुलियाला ओळखत नाही असा माणूस पूर्वी औषधालाही सापडला नसता. आता सापडतात, ढिगाने सापडतात, पण तो दोष तिचा नाही. माद्रिदच्या पार दक्षिणेला, बस जिथे वळसा घालून परत फिरते आणि ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट पेटवतो, तिथे आमच्या चार मजली इमारती आहेत. लिफ्ट नाही. सात नंबरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर ओब्दुलिया राहते. वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे, जीभ मात्र अजून पंचविशीतली.

बादाखोसकडच्या एका खेड्यातून ती त्रेसष्ट साली नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा गुमेर्सिंदो, गवंडी. तेव्हा इथे विटांच्या भट्ट्या होत्या आणि चिखल होता, बाकी नावाला काही नव्हतं. पत्र्याच्या एका खोलीत त्यांनी आठ वर्षं काढली, मग या इमारती उठल्या. ओब्दुलिया शहरातल्या बड्या लोकांच्या इमारतींचे जिने पुसायला जायची. पहाटे निघताना म्हणायची, ‘माद्रिदला जाऊन येते.’ आम्ही सगळेच तसं म्हणायचो. एल तेहार माद्रिदमध्येच आहे हे नकाशा काढणाऱ्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. मूलबाळ काही झालं नाही. गुमेर्सिंदोला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच्याविषयी विचारलं तर ती एवढंच सांगते, ‘चांगला होता. घोरायचा फार.’

आता पेटीचं सांगायला हवं, कारण या सगळ्या भानगडीच्या मुळाशी ती पेटी आहे.

पेटी म्हणजे हातभर उंचीचा लाकडी देव्हारा. पुढे दोन दारं, आत काचेमागे बाप होसे, आई मारिया आणि मधे बाळ येशू. वर धरायला पितळेची कडी. एकाहत्तर साली चर्चमधल्या बायकांनी ती सुरू केली. तीस घरं, तीस दिवस, प्रत्येक घराला एक दिवस. संध्याकाळी शेजारीण पेटी घेऊन येणार, बेल वाजवणार. आपण ती टेबलावर मांडायची, मेणबत्ती लावायची, एक दिवस देवाचा पाहुणचार करायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी नेऊन द्यायची. दाराशी ठेवून जायचं नाही, हातातून हातात द्यायची. आणि आणणाऱ्या बाईला कॉफी पाजल्याशिवाय सोडायचं नाही. खरं सांगायचं तर प्रार्थना पाच मिनिटांत उरकायची आणि कॉफी दीड तास चालायची. कुणाची सून उलटून बोलली, कुणाच्या नवऱ्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली, सगळं त्या बाळासमोर निघायचं. त्याने बिचाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

पेटीच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीस नावं, तीस तारखा. पंधरा तारखेला ओब्दुलिया, सोळाला बाल्दोमेरा. बाई गेली की तिच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारायची. जिवंत माणसाच्या नावावर रेघ मारायची नाही, मग ते कुठेही राहायला जावो. पहिली रेघ पडली तेव्हा सगळ्या इमारती रडल्या होत्या. नंतर रेघा इतक्या भराभर पडायला लागल्या की पेन्सिल दोऱ्याने कडीलाच बांधून ठेवली. घरं कमी झाली तशी पेटी एका घरात दोन दिवस राहायला लागली, मग पाच, मग दहा. एप्रिलमध्ये तीनच घरं उरली होती. तळमजल्यावरची प्रिमितिवा, चौथ्यावरची ओब्दुलिया आणि तिसऱ्यावरची बाल्दोमेरा.

बाल्दोमेरा म्हणजे ओब्दुलियाची साठ वर्षांची शेजारीण. पत्र्याच्या खोल्यांपासूनची. आवाज असा की खिडकीतून हाक मारली तर बसथांब्यावरची माणसं मागे वळून बघायची. ती बिस्किटांच्या कारखान्यात जायची तेव्हा तिचा मुलगा रुफिनो ओब्दुलियाकडे जेवायचा. तिच्या मसुरीच्या आमटीवर तो वाढला, आणि अजूनही तिला मावशीच म्हणतो. मार्च महिन्यात बाल्दोमेरा जिन्यात पडली. एप्रिलमध्ये रुफिनो येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला, वाल्देसिएर्वाला. ते नवं उपनगर. शहराबाहेरचा मोठा रस्ता ओलांडला की आणखी पुढे. जाताना बाल्दोमेरा गाडीच्या खिडकीतून म्हणाली, “घर तुझंच आहे गं, कधीही ये.” असं आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. वीज कंपनीच्या माणसालाही म्हणतो.

सप्टेंबरात प्रिमितिवा गेली. ओब्दुलियाने रेघ मारली आणि पेटी आपल्या कपाटावर ठेवली. त्या दिवसापासून तिच्या दाराची बेल वाजली नाही.

इमारत काही ओस पडलेली नाही. समोर मोरोक्कोचं कुटुंब आहे, भला माणूस, जिन्यात भेटला की छातीवर हात ठेवून विचारपूस करतो. पण तो मुसलमान, त्याच्याकडे पेटी कशी द्यायची? दुसऱ्या मजल्यावर एक्वादोरची एक बाई आहे. ओब्दुलियाने धीर करून तिला विचारलं. ती फार गोड बोलली. म्हणाली, आमच्या पंथात मूर्ती ठेवत नाहीत, आजी. बाकीचे पहाटे कामाला जातात आणि मेल्यासारखे थकून परत येतात, त्यांना कुठल्या तोंडाने विचारणार? ओब्दुलिया एकदा दाराबाहेर गेली आणि बेल चालू आहे का ते बघायला स्वतःच वाजवून आली. चालू होती.

नोव्हेंबरच्या मध्याला नव्या पाद्रीबुवांनी तिला चर्चमध्ये गाठलं. तरुण माणूस, तीन वस्त्या सांभाळतो, कायम धावपळीत. म्हणाला, “ओब्दुलियाबाई, पेटी आता एकाच घरात असते म्हणे. मग ती इथे द्या ना आणून. आतल्या खोलीत काचेचं कपाट आहे, जुन्या वस्तू ठेवतो त्यात. नीट राहील.”

“पेटी फिरायला पाहिजे, बुवा,” ओब्दुलिया म्हणाली.

“फिरणार कुणाकडे?”

“आहेत.”

“मग उत्तमच. नसतील तर रविवारी घेऊन या.”

त्या रात्री तिने पेटी उलटी केली आणि चष्मा लावून यादी वाचली. रेघ नसलेली दोन नावं होती. एक तिचं स्वतःचं, दुसरं सोळा तारखेचं. बाल्दोमेराने पेटी घेतली तर पेटी फिरती राहणार. ती घ्यायला कुणीतरी येणार, द्यायला कुणीतरी जाणार. नाही घेतली तर रविवारी काचेचं कपाट. ओब्दुलियाला देवाची काळजी नव्हती, तो कपाटातही सुखाने राहिला असता. तिला स्वतःची काळजी वाटत होती. सकाळी तिने वाल्देसिएर्वाला फोन लावला. सुनेने उचलला. “हो हो, या ना, सोळाला या,” म्हणाली आणि ठेवून दिला.

सोळाला तिने पेटी टॉवेलात गुंडाळून चाकांच्या बाजारपिशवीत बसवली. वर कांद्याच्या पातीची जुडी ठेवली, म्हणजे चोराला वाटावं बाई भाजी घेऊन निघाली आहे. सोबत दुकानातले सहा छोटे केक घेतले. बसने मोठ्या चौकापर्यंत, तिथून दुसरी, हिरवी बस. ती बस चौकातल्या एका वर्तुळातून सुटली की दुसऱ्या वर्तुळात शिरत होती. प्रत्येकाच्या मधोमध लोखंडाचं काहीतरी वाकडंतिकडं उभं. रस्ते एवढे रुंद की त्यावर विमान उतरवावं, आणि माणूस एक नाही. झाडं लावली होती, पण सगळी काठ्यांना बांधलेली. खाली दुकान नाही, बार नाही, बाकावर म्हातारा नाही. इमारती मात्र एक से एक, प्रत्येकीला कुंपण आणि आत पोहण्याचा तलाव. ‘इथे भांडण झालं तर सोडवायला कोण येत असेल?’ ओब्दुलियाच्या मनात आलं.

दार सुनेने उघडलं. सोन्सोलेस तिचं नाव, सडपातळ, नीटनेटकी, कानांवर हेडफोन. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं. “या या ओब्दुलियाबाई. मी घरूनच काम करते ना, मीटिंग चालू आहे. आई आत आहेत.”

आत पांढऱ्या खोलीत पांढऱ्या सोफ्याच्या टोकाला बाल्दोमेरा बसली होती. केस बारीक कापलेले, अंगात निळा ट्रॅकसूट.

“हे काय घातलंयस?” ओब्दुलिया म्हणाली. “फुटबॉलच्या संघात घेतलं की काय तुला?”

“हळू बोल,” बाल्दोमेरा कुजबुजली. “सून कामात आहे.”

“तू आजारी आहेस?”

“नाही गं.”

“मग अशी बोलतेस काय, पाद्रीबुवांना पापं सांगायला बसल्यासारखी?”

“हळू, म्हटलं ना. तिकडे सगळं ऐकू जातं. ट्रॅकसूट सुनेने आणलाय. ऊब असते.”

“शोभतोय.”

“खोटारडी.” बाल्दोमेरा हसली, पण हसतानाही तिने तोंडावर हात धरला. या बाईच्या हसण्याने एकेकाळी प्रिमितिवाचा कुत्रा भुंकायला लागायचा.

कॉफीचं नाव निघालं नाही. थोड्या वेळाने बाल्दोमेराच म्हणाली, “मशीन आहे कॉफीचं. त्यात कसलीशी डबी घालतात आणि बटणं दाबतात. मी एकदा दाबलं तर सगळ्या ओट्यावर पाणी झालं. तेव्हापासून हात लावत नाही. तुला पाणी देऊ का प्यायला?”

“नको. बसमध्ये प्यायले,” ओब्दुलिया म्हणाली. बसमध्ये कोण पाणी पाजणार, पण बोलून गेली. केकची पिशवी तिने टेबलावर ठेवली, ती तशीच राहिली.

मग तिने पेटी काढली. यादीची बाजू मुद्दाम स्वतःकडे धरली. बाल्दोमेराने दोन्ही दारं उघडली, बाळाकडे बघितलं, ट्रॅकसूटच्या बाहीने काच पुसली आणि दारं पुन्हा लावली.

“प्रिमितिवा कशी आहे?” तिने विचारलं.

ओब्दुलियाने वाटेत सगळं ठरवलं होतं. खरं सांगितलं तर बाल्दोमेराला वाटणार, ही एकटी पडली म्हणून माझ्या दारात आली. कीव करून घेणं तिच्या जिवावर येत होतं. “आहे आपली,” ती म्हणाली. “पाय दुखतात. बाकी सगळ्याजणी तुझी आठवण काढतात.”

“सगळ्याजणी म्हणजे?”

“सगळ्याजणी.”

बाल्दोमेराने मान हलवली. पेटीच्या कडीवर तिचं बोट फिरत होतं. “आज सोळा ना? माझीच पाळी. ठेव की मग.”

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. कुणी काही देऊ केलं की आम्ही पहिल्यांदा नाही म्हणतो. दुसऱ्यांदाही नाही म्हणतो. तिसऱ्यांदा समोरचा जरा रागावल्यासारखं करतो, मग आम्ही घेतो. पहिल्याच झटक्यात हो म्हणणारा हावरा आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू, असा साधा हिशोब. आईच्या दुधाबरोबर हे शिकतो आम्ही, आणि मरेपर्यंत सुटत नाही. जीव हो म्हणत असला तरी तोंड नाहीच म्हणतं.

“नको गं,” ओब्दुलिया म्हणाली. “सुनेच्या घरात अडगळ कशाला?”

बाल्दोमेराने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर एक लांबच लांब पांढरी फळी होती. तिच्यावर एक काचेचं भांडं, आणि त्या भांड्यातही काही नव्हतं. “तिथे राहील,” ती म्हणाली. आवाज आणखी खाली गेला. “ठेव ना.”

“राहू दे. तिला विचार आधी. मी काय, पुन्हा येईन.”

झालं, दोनदा झालं. आता ओब्दुलिया वाट बघत बसली. आता ही डोळे वटारणार, म्हणणार, नखरे पुरे कर म्हातारे, आण ती पेटी इकडे. साठ वर्षं असंच म्हणत आली होती. बाल्दोमेराने श्वासही घेतला. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि सोन्सोलेस हातात किल्ल्या घेऊन बाहेर आली. मुलीला शाळेतून आणायचं होतं, तिथून पोहण्याच्या शिकवणीला न्यायचं होतं.

“तुम्ही बसा ना ओब्दुलियाबाई,” ती म्हणाली.

मालकीण घराबाहेर पडत असताना पाहुण्याने बसून राहायचं नसतं. “छे छे, मलाही निघायचंच होतं,” म्हणत ओब्दुलिया उठली. पेटी टॉवेलात गेली, टॉवेल पिशवीत गेला. हे सगळं तिने जमेल तितकं सावकाश केलं. बाल्दोमेराने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि म्हणाली, “बरं. जपून जा.”

लिफ्टमध्ये सोन्सोलेस म्हणाली, “बसथांब्यापर्यंत सोडू का?”

“नको गं, चालेन मी.”

“बरं मग,” सोन्सोलेस म्हणाली, आणि खालच्या गॅरेजमध्ये निघून गेली. वाईट नाही ती मुलगी. नव्या पिढीला नाही म्हटलं की ते खरंच नाही असं समजतात, इतकंच.

थांब्यावर काचेची भिंत होती, तरी वारा आत येत होता. ओब्दुलिया पिशवी पायांत धरून बसली. आधी तिला राग आला. एवढा मोठा सोफा, एवढी लांब फळी, आणि बाईच्या तोंडातून तिसरा शब्द निघू नये? मी रुफिनोला आमटी वाढताना तीनदा विचारत होते का? मग राग ओसरला आणि उरलं ते फार वाईट होतं. बाल्दोमेराला पेटी नको होती. तिचं इथे बरं चाललं होतं, ट्रॅकसूट होता, ऊब होती, आणि एल तेहारची म्हातारी कांद्याची पात घेऊन तिच्या पांढऱ्या खोलीत उगवली होती. रविवारी पेटी बुवांना देऊन टाकायची. ओब्दुलियाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, कारण बघायला तिथे चिटपाखरू नव्हतं.

बस आली. ती चढली आणि मागच्या बाजूला बसली. बस वर्तुळाला वळसा घालू लागली तेव्हा तिला फुटपाथवरून कुणीतरी येताना दिसलं. निळा ट्रॅकसूट, पायात घरातल्या सपाता, एक हात भिंतीला आणि दुसरा वर केलेला.

“थांबवा,” ओब्दुलिया म्हणाली. “अहो, जरा थांबवा. ती माझी आहे.”

“पुढच्या थांब्यावर, आजी,” ड्रायव्हर म्हणाला. “मधेच उभी केली तर माझी नोकरी जाईल.”

पुढचा थांबा दोन वर्तुळं सोडून होता. ओब्दुलिया उतरली आणि पिशवी ओढत उलट दिशेने चालायला लागली. वारा तोंडावर. तिथले रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी केलेलेच नाहीत, पलीकडे जायला लांब फेरा मारावा लागतो. गुडघे बोंबलत होते. अर्धा तास लागला. थांब्यावर कुणी नव्हतं. ती कुंपणापर्यंत आली तेव्हा फाटकाशेजारच्या बुटक्या कठड्यावर बाल्दोमेरा बसलेली दिसली. दोन्ही हात काखेत, सपातांतली पावलं एकमेकांवर ठेवलेली.

“बाहेर काय बसलीस अशी?” ओब्दुलियाला दम लागला होता. “आत जा की.”

“फाटक लागलं. वरचं दारही मी ओढून घेतलं.”

“आणि किल्ली?”

“किल्ली घरात.”

“किल्ली न घेता बाहेर पडतं का कोणी?”

“साठ वर्षं मी किल्ली घेऊन बाहेर पडले नाही,” बाल्दोमेरा म्हणाली. “वरच्या मजल्यावर तू होतीस ना.”

हे खरं होतं. आमच्याकडे एकीची किल्ली दुसरीच्या दारामागे खिळ्याला असते. बाल्दोमेराची अजूनही ओब्दुलियाच्या खिळ्यावर होती, दुसरं कुणी त्या घरात राहायला आलं होतं तरी. ओब्दुलिया फाटकाजवळ गेली. तिथे एक चकचकीत पाटी होती, बटणांच्या रांगाच रांगा. प्रत्येकासमोर आकडा आणि अक्षर, नाव एकाचंही नाही.

“वाजव की कुणाची तरी. उघडतील.”

“कुणाची?”

“कुणाचीही. तुझ्या मजल्यावरच्यांची. काय नाव त्यांचं?”

“माहीत नाही.”

“सात महिने झाले तुला इथे येऊन.”

“सात महिन्यांत आज पहिल्यांदा एकटी खाली उतरले,” बाल्दोमेरा म्हणाली. “कुणाला वाजवून काय सांगू? मी कोण ते त्यांना काय ठाऊक? वेडी समजतील.” आता ती कुजबुजत नव्हती, पण जुना आवाजही नव्हता तो. “दिवसभर सून त्या खोलीत परक्या माणसांशी बोलत असते. मी त्या सोफ्यावर बसते. चांगली आहे गं, दोन वेळचं गरम देते. एकदा ती सुट्टीवर होती तेव्हा मी मोठ्याने बोलून बघितलं, आवाज आहे का अजून.”

ओब्दुलियाने पिशवीतून पेटी काढली. तिच्यावरचा टॉवेल सोडला आणि वाकून बाल्दोमेराची पावलं त्यात गुंडाळली. पेटी उघडीच कठड्यावर दोघींच्या मधे राहिली.

“तिसऱ्यांदा म्हणायला आले होते मी,” बाल्दोमेरा म्हणाली. “वर सुनेसमोर तोंड उघडेना. घर माझं नाही ना.”

“मग आता म्हण.”

“ठेव ती पेटी, नखरे पुरे कर.”

“ठेवते.”

“सुनेला मी सांगते. चिडली तर चिडली. रुफिनोला सांगते, मावशीने आणली आहे.” बाल्दोमेराने नाक पुसलं. “कितव्या दिवशी द्यायची पुढे? प्रिमितिवाला एवढ्या लांब कशी नेऊन देऊ, तेवढं सांग. मला बस कळत नाही.”

ओब्दुलिया समोरच्या काठीला बांधलेल्या झाडाकडे बघत राहिली. “प्रिमितिवा गेली,” ती म्हणाली. “सप्टेंबरात.”

“दीड तासापूर्वी तिचे पाय दुखत होते.”

“खोटं बोलले.”

बाल्दोमेराने पेटी आपल्याकडे ओढली, फिरवली आणि पाठीवरची यादी डोळ्यांजवळ धरली. बोट ठेवून ती वरपासून वाचत गेली, ओठ हलवत, प्रत्येक रेघेखालचं नाव. कार्मेलाकडे थोडी थांबली, दोरोतेआकडे थांबली. प्रिमितिवाच्या नावावर तिने बोट दोनदा फिरवलं. शेवटी पोचायला बराच वेळ लागला.

“म्हणजे माझ्यानंतर कोण?” तिने विचारलं.

“मी.”

“आणि तुझ्यानंतर?”

“तू.”

“आणि ‘सगळ्याजणी आठवण काढतात’?”

“मी काढते. रोज.”

रस्त्यावरचे दिवे लागले, एका ओळीत, एकदम. थंडी वाढली होती आणि ओब्दुलियाची शेवटची बस कितीला आहे ते तिने बघितलंही नव्हतं.

“महिना निम्मा निम्मा करू,” बाल्दोमेरा म्हणाली. “पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा तुझ्याकडे. न्यायला तूच ये बाई, मला या रस्त्यांचं काही कळत नाही. पण आणशील तेव्हा बेल वाजवून आण. आणि कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. ते मशीन मी शिकून घेते.”

“शिक. नाहीतर पाणीच पाजशील.”

“ओब्दुलिया.”

“काय?”

“मी आधी गेले तर माझ्या नावावर तू रेघ मार. सुनेच्या हातात पेन्सिल देऊ नकोस.”

“बरं. आणि मी गेले तर तू मार.”

“मारीन,” बाल्दोमेरा म्हणाली. मग तिने पुन्हा यादीकडे बघितलं. “पण मग जी मागे राहील, तिच्या नावावर कोण मारणार?”

ओब्दुलियाने टॉवेलाचं सुटलेलं टोक पुन्हा बाल्दोमेराच्या घोट्याभोवती नीट खोचलं. वर्तुळापलीकडून एका गाडीचे दिवे वळले तेव्हा सून आली असं समजून दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, पण ती गाडी पुढच्या कुंपणात शिरली आणि त्या पुन्हा कठड्यावर बसल्या.